अव्वांची अंगठी आणि माझं बोट

माझ्या सासूबाईंच्या हाताला बोटं आहेत, हे मोबाइलला मान्य नाही.

यात मोबाइलचा फारसा दोष नाही. सासूबाईंचा जन्म ज्वारीच्या भाकरी करण्यात गेला. तव्यावरची भाकरी त्या बोटांनी उलटतात, बोटांनीच निखाऱ्यापुढे उभी करतात आणि टम्म फुगली की बोटांनीच उचलून टोपलीत टाकतात. (चुलीशेजारी एक स्टीलचं उलथणं असतं, पण ते मांजर हाकलायला.) असं करून करून बोटांची टोकं इतकी राठ झाली आहेत की विस्तवसुद्धा त्यांच्या वाटेला जात नाही. मग मोबाइलची काच त्यांना काय दाद देणार?

सासुरवाडी निलंग्याची. कर्नाटक तिथून हाकेच्या अंतरावर, म्हणून माझी बायको सुनंदा आईला ‘अव्वा’ म्हणते आणि तिचं ऐकून मीही. सासरे म्हणजे अप्पा. त्यांनी उभी हयात स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवलं आणि दुकान बंद केलं तेव्हा उरलेला माल घरी आणून ठेवला. त्या घरात माणसाला बसायला जागा शोधावी लागते, डबे मात्र ऐसपैस बसलेले असतात. मी नांदेडला वीज खात्यात अभियंता आहे. हे मी आपलं सहज सांगितलं, पण पुढे सगळेजण नेमकं तेच काढतात.

झालं असं की अव्वा अंगणात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, “बोटं हलती ठेवा, पण भाकरी सध्या बंद.” भाकरी बंद म्हटल्यावर अव्वांना बोटांचं दुसरं काय करायचं ते कळेना. तेव्हा आम्ही भेटायला गेलो असताना सुनंदानं तिच्या जुन्या मोबाइलवर मारामारीचा एक खेळ घालून दिला. त्यात दोन योद्धे समोरासमोर उभे राहतात आणि काही भांडण नसताना एकमेकांना बडवतात. सुरुवातीला आपल्या वाट्याला एकच काटकुळा योद्धा येतो. बाकीचे काळ्या सावलीत उभे असतात, प्रत्येकाच्या छातीवर एक कुलूप. आपण लढाया जिंकत गेलो की एकेकाचं कुलूप उघडतं.

अव्वांनी ती कुलपांची रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ह्येन्ला कोंडलंय कुनी?”

“गेमवाल्यांनी,” सुनंदा म्हणाली.

“काय केलं हुतं यांनी?”

“काही नाही गं. खेळच तसा आहे.”

“काई केलं न्हाई अन् कोंडलंय? मंग सोडवाया पायजे की.”

आम्ही हसलो. अव्वा हसल्या नाहीत. त्या दिवसापासून ते सगळे योद्धे त्यांच्या दृष्टीनं विनाकारण अडकलेली, परक्या आयांची लेकरं होती.

पण काच बोटाला जुमानेना. अव्वा पदरानं बोट पुसून बघत, ओलं करून बघत, नखानं टोकरून बघत. काटकुळा योद्धा आपला हात खाली सोडून मार खात उभा. “मारायलेय की लाथ,” अव्वा वैतागून म्हणत, “ह्यो मेला हालतच न्हाई.” डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मात्र भरपूर होत होता.

एवढ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत आहे. (जावई म्हणून मला तिच्यात कधीच काही दोष दिसला नाही.) अव्वांनी माझ्यासाठी चांदीची अंगठी घडवून घेतली, वर चपटं गोल पान आणि त्यावर बेलाचं त्रिदळ. अंगठी घरी आली तेव्हा त्यांनी ती पारखायला स्वतःच्या अंगठ्यात घातली, पान आतल्या बाजूला फिरवलं आणि त्याच हातानं मोबाइल उचलला. पान काचेला लागलं आणि काटकुळ्यानं अशी सणसणीत लाथ मारली की समोरचा गडी पडद्याबाहेर गेला.

लगोलग मला फोन.

“जावईबापू, चांदीत असं काय हाय ओ?”

आता वीज खात्यातल्या माणसाला सासूनं असा प्रश्न विचारणं म्हणजे दुष्काळात आभाळ फुटणं. मी खुर्चीत सरसावून बसलो. “अव्वा, जगात चांदीइतकी सुखानं वीज दुसऱ्या कुठल्याच धातूतून जात नाही. तांबं तिच्या मागं.”

“अन् सोनं?”

“सोनं तर तांब्याच्याही मागं.”

“आगं बाई, सोन्याचं नाव नुसतंच मोठं म्हनायचं.”

“आणि नुसती वीज नाही. उष्णतासुद्धा चांदीतूनच सगळ्यात भरभर जाते. उजेड तर असा परतवते की आरसा करावा.”

पलीकडून अव्वा हळूच म्हणाल्या, “एवढी गुनाची चीज, अन् आपन नुसती देवापुढं ठिवून देतो.” त्यांच्या आवाजात इतकं नवल होतं की मलाही पहिल्यांदाच चांदीबद्दल आदर वाटला. परीक्षेत मी हे सगळं लिहिलं होतं, पण तेव्हा लक्ष गुणांकडे होतं.

“तांब्याचं वळं हाय घरात,” अव्वांनी विचारलं. “त्येनं चालंल का? अंगठी तुमची हाय. वाण म्हनून द्यायची हाय.”

इथे मी क्षणभर विचार करायला हवा होता. पण रंगात आलेला माणूस विचार कुठून करणार! मी म्हणालो, “छे छे अव्वा. या कामाला चांदीच पाहिजे. दुसऱ्या कशाचं ते काम नाही.”

त्यानंतर निलंग्याहून रोज बातम्या येऊ लागल्या. “आज टकल्याला सोडवलं.” “आज झिपरीला भाईर काढलं, लई गुनाची पोरगी हाय, उडी मारून हानती.” दोन तलवारींचा सुटला, घोड्याच्या तोंडाचा सुटला. मी गुपचूप तोच खेळ माझ्या मोबाइलवर घालून पाहिला. माझा काटकुळा योद्धा दुसऱ्याच लढाईत आडवा झाला, आणि तो इतक्या वेळा आडवा झाला की मला त्याच्या घरच्यांची काळजी वाटू लागली. अव्वांना इंग्रजी येत नाही, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि बाई एकामागून एक कुलपं उघडत चालली होती. मी खरोखर थक्क झालो. नांदेडच्या ऑफिसात मी सासूचं कौतुक करतो म्हणून लोक माझ्याकडे संशयानं बघू लागले.

शेवटी एकच उरली. पार कोपऱ्यात, सगळ्यात गडद सावलीत उभी असलेली एक बाई. तिच्या चिलखताची नुसती कड दिसायची, चांदीसारखी चकाकणारी. तिला सोडवायचं तर एका राक्षसाला हरवायचं. अव्वांनी त्याचं नाव डोंगऱ्या ठेवलं होतं. आणि गेमवाल्यांनी मुदत घातली होती. ठरल्या रविवारी संध्याकाळी सहाला तो दरवाजा बंद, मग ती बाई पुन्हा कधी सुटायची नाही.

आमचं धोंड्याचं जेवणही त्याच रविवारी होतं.

अव्वांचा बेत साधा होता. सकाळी डोंगऱ्याला लोळवायचं, दुपारी अंगठी चिंचेनं घासून जावयाला द्यायची. पण मी धोंड्यांच्या ओढीनं सुनंदाला घेऊन पहाटेचीच एसटी पकडली आणि लातूरला गाडी बदलून, जेवायच्या वेळेच्या कितीतरी आधी निलंग्यात उगवलो. दारात पाऊल टाकलं तेव्हा आतून सुस्कारा ऐकू आला. मला वाटलं, आनंदाचा असेल.

मग रीतीप्रमाणे पाटावर बसवलं, पाय धुतले, कपाळाला विभूती लावली. अप्पांनी तबकातली अंगठी उचलली. माप त्यांनी माझ्या लग्नातल्या अंगठीचं दिलं होतं. बोट मात्र लग्नातलं राहिलं नव्हतं.

“बसंना ओ,” अप्पा म्हणाले. “जोर लावू का?”

“लावा की,” मी म्हणालो. वाण घेताना कुणी मागे हटतं का?

अप्पांनी बोटाला तूप चोळलं आणि डब्याचं झाकण बसवावं तशी अंगठी बसवली. त्यानंतर मी धोंडे खायला बसलो. किती खाल्ले ते मी सांगणार नाही, सुनंदा सगळ्यांना सांगत असतेच. हात धुतला आणि जो आडवा झालो तो दुपार कलल्यावर डोळे उघडले.

दारात अव्वा उभ्या होत्या. डोक्यावर पदर, नजर माझ्या उजव्या हातावर. आमच्याकडे सासू जावयासमोर खाली बसतसुद्धा नाही, असं एकटक बघणं तर दूरच. मला वाटलं, वाण बोटात शोभून दिसतंय म्हणून माया दाटून आली असेल. मी हात जरा अजून पुढे केला.

सुनंदानं मला बाजूला ओढलं. “अहो, हात कसले दाखवताय? तिला ती अंगठी पाहिजे. सहाला दरवाजा बंद होतोय.”

माझं मन भरून आलं. “अव्वा, अहो घ्या की! तुमचीच आहे.”

अव्वा दोन पावलं मागे सरकल्या. “न्हाई बापू. दिलेलं वाण माघारी घेत न्हाईत.”

“तासाभरापुरती घ्या. उसनी.”

“उसनीबी न्हाई,” खाटेवरून अप्पांनी निकाल दिला.

मग घरातल्या दुसऱ्या चांदीचा विचार सुरू झाला. घर लिंगायत, अव्वांच्या गळ्यातल्या लिंगाची डबी चांदीची, पण तिच्याबद्दल कुणी शब्दही काढला नाही. देवघरातलं निरांजन देवाचं. अव्वांच्या आणि सुनंदाच्या पायांत चांदीची जोडवी, पण ती सवाष्णीनं उतरवायची नसतात आणि अव्वांना पाय वर करून लढता येत नव्हतं. सुनंदानं स्वतःच्या बोटांनी खेळून पाहिलं, डोंगऱ्यानं तिला झटक्यात लोळवलं. मी खेळलो. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

अव्वा भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. “समदे सुटले,” त्या म्हणाल्या. “ती बाई एकलीच ऱ्हाती आता.” मी अंगठीला हात घातला. म्हटलं, पाप लागलं तर मला लागू दे, अंगठी काढून त्यांच्यासमोर जमिनीवर टाकतो. पडलेली वस्तू उचलायला कोणती रीत आडवी येते?

अंगठी निघेना. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला. बोट टोमॅटोसारखं झालं. कुणीतरी सुचवलं, कोमट पाण्यात धरा. (कुणीतरी म्हणजे मीच.) सुनंदानं आणलेलं पाणी कोमटच्या बरंच पुढे गेलेलं होतं. चांदीतून उष्णता सगळ्यात भरभर जाते, हे अव्वांना मी फोनवर सांगितलं होतं, ते आता बोटानं मला सांगितलं. माझी किंकाळी ऐकून चुलीजवळचं मांजर उलथणं न दाखवता पळालं.

तेव्हा अप्पांनी डोळे मिटून विचार केला आणि तोडगा काढला. “अंगठी जावयाच्या बोटात ऱ्हाऊ द्या. बोट जावयाच्या हाताला ऱ्हाऊ द्या. तू नुसता हात धरून खेळ.”

सासूनं जावयाचा हात धरायचा! अव्वांनी घड्याळाकडे पाहिलं, सावलीतल्या बाईकडे पाहिलं, देवघराकडे पाहिलं. मग पदराचं टोक हाताभोवती गुंडाळलं आणि चुलीवरून तापलेलं पातेलं उतरवतात तसं माझं मनगट धरलं.

अंगठी फिरत नव्हती, पान वरच्या बाजूला. म्हणून मला तळवा आभाळाकडे करून हाताची पाठ काचेवर टेकवावी लागली. त्यासाठी मी चटईवर पालथा पडलो आणि भिक्षा मागावी तसा हात मागे पसरला. हाताची पेरं काचेला लागून योद्धा भलतीकडेच उड्या मारू लागला, तेव्हा सुनंदानं माझी बाकीची बोटं फडक्यात बांधून टाकली. अव्वांनी झिपरीला पुढे केलं आणि लढाई सुरू झाली.

“हात सैल सोडा, जावईबापू.”

“सोडलाय, अव्वा.”

“मनगट आकडून धरलालाव की. पिठलं घोटायचं असतंय, तसं जाऊ द्या.”

मी पिठल्यातली पळी झालो. मला पडदा दिसत नव्हता, पण अव्वांच्या हातातला जोर कळत होता. ते मोडून जोडलेलं मनगट माझा अख्खा हात असा फिरवत होतं की माझं वजन त्यांना जाणवतच नसावं. अप्पा धावतं समालोचन करत होते. “डोंगऱ्या हटला. हटला. आता हान टाळक्यात.” मीही श्वास रोखून धरला. आणि नेमका त्याच घटकेला माझ्या दंडात गोळा आला. मी “आई गं” म्हणून हात हिसकला, झिपरी उलटी उडाली आणि डोंगऱ्या तिच्या छातीवर बसला.

अव्वांनी माझं मनगट हलकेच खाली ठेवलं.

“ऱ्हाऊ द्या, बापू. तुमच्या हाताला लई तकलीफ झाली.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मोबाइल घेऊन त्या चुलीपाशी गेल्या. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच भाकरी थापायला बसल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. मी चटईवर तसाच पडून होतो. एका बाईचा जन्मभराचा कोंडवाडा माझ्या दंडामुळे झाला, असं मला मनापासून वाटत होतं.

मोबाइल परातीला खेटून पडला होता. खेळ अजून चालूच. शेवटचा एक डाव बाकी होता आणि डोंगऱ्या गुरगुरत झिपरीकडे येत होता. अव्वांचे हात पिठानं भरलेले. काचेला पीठ लागू नये म्हणून त्यांनी उलथणं उचललं आणि मोबाइल बाजूला सारायला त्याचं चपटं पान काचेवर टेकवलं.

झिपरीनं उडी मारून डोंगऱ्याच्या तोंडात लाथ घातली.

अव्वांनी उलथण्याकडे पाहिलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा लाथ. मग त्यांनी तव्यावरच्या भाकरीकडे साफ दुर्लक्ष केलं, मांडी सावरली आणि उलथणं असं धरलं, जणू ते हातात घेऊनच जन्माला आल्या होत्या. उजवीकडे खेच, डावीकडे लोट, मधेच टप्पकन उलट. भाकरी जळाल्याचा वास सुटला तरी कुणी हललं नाही. मी रांगत दारापर्यंत गेलो होतो, तोंड उघडं. आयुष्यात पुष्कळ वीजकेंद्रं पाहिली, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

डोंगऱ्या कोसळला. मोबाइल हादरला. शेवटचं कुलूप कडकन उघडलं आणि सावली विरघळली.

आतून चांदीच्या चिलखतातली बाई पुढे आली. ताठ उभी, हातात भाला. आणि केस सगळे पांढरे.

“म्हातारी हाय की ओ,” अव्वा हळूच म्हणाल्या. कितीतरी वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या. मग पिठाचा हात पदराला पुसून त्यांनी काचेवरून बोट फिरवलं, तिच्या केसांवरून फिरवावं तसं. काचेला ते बोट कळलंच नाही, म्हातारी तशीच उभी राहिली. माझे डोळे भरून आले. अप्पाही नाक ओढत होते, पण ते म्हणाले, धुरानं.

थोड्या वेळानं अव्वांनी मान वळवली.

“जावईबापू, स्टीलमधनंबी करंट जातोय का ओ?”

“जातो, अव्वा.”

“ह्या कामापुरता?”

“ह्या कामापुरता भरपूर.”

“मंग चांदीच पायजे म्हनून कशाला सांगितलाव?”

भोवती अप्पांच्या दुकानाचे डबे, पातेली, झारे, चमचे मांडणीभर चकाकत होते. सगळे मिळून माझ्याकडेच बघत असल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी लातूरला सोनारानं अंगठी कापून बोट मोकळं केलं. चांदी मऊ असते म्हणून वाचलात, असं तो म्हणाला. मग सुनंदा आणि मी नांदेडच्या एसटीत बसलो. अहमदपूर आल्यावर तिनं विचारलं, “अहो, तुमच्या बाकीच्या बोटांनीही योद्धा हलत होता, म्हणून तर मी ती बांधली. मग अव्वानं तुमचं कुठलंही साधं बोट धरलं असतं तरी चाललं असतं ना?”

मी खिडकीबाहेरचं सोयाबीन बघत राहिलो.

इतक्यात निलंग्याहून फोन आला. अव्वांनी विचारपूस केली, बोट कसं आहे म्हणाल्या. मग आवाजात कसलाही खट्याळपणा नसताना, अगदी मायेनं म्हणाल्या, “पुढच्या धोंड्याला चांदीबिंदी नगं बापू. तुम्हाला स्टीलचं उलतनंच देते. करंटबी जातोय, अन् बोटात अडकत न्हाई.”